चिकट आहे म्हणूनच

आई भेंडी धुवून, पुसून, अगदी कोरडी करूनच चिरायची आणि वर दोन आमसुलं टाकायची, का तर तार सुटू नये. तीच तार मिळावी म्हणून मी इथे इंग्लंडात तीन वर्षं एक झाड वाढवतेय, मार्शमॅलो. हो, त्या मऊ गोळ्यांचं नाव याच झाडावरून आलं, पूर्वी त्यात याच्या मुळीचा रस घालायचे, आता पाकिटातल्या गोळ्यांत साखर आणि जिलेटिन असतं, मुळी नसतेच (शाकाहारी लोकांनी पाकीट वाचूनच घ्या).

हे भेंडी, अंबाडी, जास्वंदीच्याच कुळातलं. इथल्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत आपोआप उगवतं, म्हणजे पाणी भरपूर पाहिजे. मी बी ओल्या वाळूत घालून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवलं, थंडी लागल्याशिवाय ते नीट रुजत नाही, मग मार्चमध्ये खोल कुंडीत पेरलं आणि खालची ताटली कधी कोरडी पडू दिली नाही. पहिल्या वर्षी नुसती पानं, राखाडी हिरवी, हात लावला की मखमल. दुसऱ्या वर्षी माझ्या खांद्याएवढं झालं आणि ऑगस्टमध्ये फिकट गुलाबी फुलं आली, मधला केसरांचा दांडा बघितला आणि जास्वंदच आठवली. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, घाबरू नका, खाली मुळं जिवंत असतात, वसंतात परत कोंब येतात.

कोवळी पानं मी पातळ भाजीत घालते, डाळ, दाणे, चिंच, गूळ, अळूच्या फतफत्यासारखंच, बेसन लावायची गरजच पडत नाही, पानंच रस दाट करतात. कच्ची खाल्ली तर लव जिभेला लागते, शिजल्यावर नाही.

मुळी काढायची दुसऱ्या वर्षानंतर, पानं वाळायला लागली की. मी ऑक्टोबरमध्ये काढली, वरचा कोंबांचा भाग परत लावला, बाकीची सोलून सुपारीएवढे तुकडे करून वाळवली. आता महत्त्वाचं, हिचा काढा करायचा नाही! उकळलं की मुळीतला स्टार्च पाण्यात उतरतो आणि खळ होते. एक चमचा तुकडे कपभर गार पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी गाळलं की पाणी दाटसर, बुळबुळीत, किंचित गोड. कोरड्या खोकल्यात घसा खवखवतो ना, तेव्हा हे घोटघोट प्यायचं, घशाला आतून लेप बसल्यासारखं वाटतं आणि ती ढास कमी होते. युरोपात कोरड्या खोकल्यासाठी ही मुळी परंपरेने वापरतात, युनानीत हिलाच खतमी म्हणतात.

गोळ्या चालू असतील तर मात्र तास-दोन तासांचं अंतर ठेवा, हा चिकटपणा औषध अंगात मुरायला उशीर करू शकतो. आई उन्हाळ्यात आली तेव्हा तिच्या बीपीच्या गोळीची वेळ मी आधी विचारून घेतली आणि मगच कप दिला. तिने चमचा उचलून तार बघितली आणि म्हणाली, अगं, ही तर भेंडीच की.