अडकलेल्या बिलांची वसुली: फॅसिलिटेशन कौन्सिलमधला माझा अनुभव

छोटा कारखाना मोठा का होत नाही, याची चर्चा बहुतेक वेळा कर्ज, वीज आणि परवाने यांवर येऊन थांबते. माझ्या मते खरी अडचण पुढे आहे. माल गेला, बिल गेलं आणि पैसे आले नाहीत, तिथे. उद्योग सुरू करणं आपल्याकडे आता बरंच सोपं झालंय. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर फुकट होते. जागतिक बँकेच्या २०२० च्या 'डूइंग बिझनेस' यादीत भारत एकूण ६३व्या क्रमांकावर होता, पण कराराची अंमलबजावणी या निकषावर १६३व्या. साध्या व्यापारी दाव्याच्या निकालाला आणि वसुलीला लागणारा वेळ त्यात १,४४५ दिवस धरला होता. आकडेवारीतल्या गैरप्रकारांमुळे तो अहवाल बँकेने २०२१ मध्ये बंद केला, पण दिवाणी कोर्टात वसुलीचा दावा लावलेल्या कुणालाही तो आकडा फुगवलेला वाटणार नाही. सीसी लिमिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, व्याज भरत चार वर्षं थांबणं दहा माणसांच्या कारखान्याला झेपत नाही.

याला वळसा घालणारा रस्ता म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६. आमचं युनिट एमआयडीसीतलं, सीएनसी आणि व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर पार्ट करून देणारं. एका मोठ्या खरेदीदाराकडे बिलं थकली आणि आम्ही याच कायद्याखाली फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकबाकीचे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेलो. त्यातून जे नीट समजलं ते इथे मांडतो.

आधी कायदा काय देतो ते बघा. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे. करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ती मुदत ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, '९० डेज क्रेडिट' छापलेलं असलं आणि तुम्ही त्यावर सही केलेली असली तरी कायद्याच्या हिशेबात ४५च. त्यानंतर रिझर्व्ह बँक जाहीर करते त्या बँक रेट या व्याजदराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. हा हक्क फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य कर्जापुरती. थकबाकीच्या तरतुदी त्यांना लागू नाहीत. म्हणून उद्यम प्रमाणपत्रावरचे एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाचा प्रकार सांगणारे आकडे, आजच तपासा. उत्पादन करणाऱ्या युनिटच्या नावावर कुणा एजंटने फक्त ४६ ने सुरू होणारा घाऊक व्यापाराचा कोड टाकून ठेवलेला असतो, आणि खरेदीदाराचा वकील पहिल्याच उत्तरात तेवढंच पान पुढे करतो. बांधकाम किंवा इरेक्शन (यंत्रसामग्रीची उभारणी) यांसारखी वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र असलेली कंत्राटं, या कायद्यात बसतात का, यावर कोर्टांचे निकाल एकसारखे नाहीत. तशा कामात सप्लाय आणि लेबरची बिलं पहिल्यापासून वेगळी ठेवणं शहाणपणाचं.

नोंदणीच्या तारखेचाही प्रश्न येतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाकाली फूड्सच्या प्रकरणात करारानंतर केलेली नोंदणी मागच्या व्यवहारांना लागू होत नाही असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये एनबीसीसी या सरकारी बांधकाम कंपनीच्या प्रकरणात दुसऱ्या पीठाने याबाबत वेगळं मत मांडलं आणि मुद्दा तीन न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला. या वादात आपली केस अडकू द्यायची नसेल तर पीओ घेण्याआधी उद्यम नंबर हातात हवा, आणि प्रत्येक बिलावर तो छापलेला हवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, म्हणजे स्वीकृतीची तारीख. सगळं व्याज आणि सगळी मुदत तिथून मोजली जाते. कायदा म्हणतो, माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर पोचल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस. लेखी हा शब्द इथे फार मोलाचा आहे. 'क्वालिटीवाल्यांनी फोनवर सांगितलं होतं' हे चालत नाही.

मोठ्या कंपनीच्या गेटवर मालासोबतच्या चलनावर जो शिक्का बसतो त्यावर बहुधा 'रिसीव्हड सब्जेक्ट टू इन्स्पेक्शन' (तपासणीच्या अटीवर मिळाला) असं असतं. त्याखाली गेट एंट्री नंबर, तारीख आणि सिक्युरिटीची सही. तीन प्रतींपैकी आपली प्रत ड्रायव्हरच्या खिशात घामाने भिजते, शिक्क्याची शाई फिकट होते, आणि दोन वर्षांनी तीच प्रत कौन्सिलपुढे ठेवायची असते. ट्रक गेटबाहेर आला की ड्रायव्हरने चलनाचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा, आणि त्याच संध्याकाळी तो स्टोअर आणि परचेस दोघांना ईमेलने जायचा, 'एवढे नग पोचले, जीआरएन नंबर कळवावा' असा मजकूर लिहून. जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची खरेदीदाराच्या स्टोअरची नोंद. शिक्क्यातलं 'सब्जेक्ट टू इन्स्पेक्शन' खरेदीदाराला वाचवत नाही. १५ दिवसांत रिजेक्शन नोट, म्हणजे माल नाकारल्याचं पत्र, आली नाही की विषय संपला. ही ईमेल असेल तर नोटीस गेल्यावर मागची तारीख टाकून आलेल्या डेबिट नोटा, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची पत्रं, टिकत नाहीत. आणि अशा डेबिट नोटा येतातच.

जीआरएन मिळत नसेल तर माल स्वीकारल्याचा पुरावा सरकारी नोंदींत सापडतो. जॉबवर्कच्या बिलावर खरेदीदाराने टीडीएस (बिलातून आधीच कापलेला आयकर; १९६१ च्या आयकर कायद्यात कलम १९४सी) कापला असेल तर तो तुमच्या २६एएस या आयकराच्या उताऱ्यात दिसतो. बिल हिशेबात घेतल्याशिवाय कुणी टीडीएस भरत नाही. खरेदीदाराने तुमच्या बिलावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) घेतलेलं असतं, तेही त्याच्याच रिटर्नमध्ये असतं. सोबत ई-वे बिल (मालवाहतुकीची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि ट्रान्सपोर्टरची एलआर (माल घेतल्याची पावती) जोडली की 'माल मिळालाच नाही' हा बचाव उभा राहत नाही.

अर्जाआधी नोटीस पाठवली तर तिच्यात कौन्सिलच्या धमकीपेक्षा तीन हिशेब घाला. पहिला, बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या बिलाचं इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. दुसरा, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३बी (एच) या कलमानुसार, जे आकारणी वर्ष २०२४-२५ पासून लागू झालं, मुदतीबाहेर थकवलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय त्याला खर्चात धरता येत नाही. तिसरा, कंपनी असेल तर ४५ दिवसांवरची देणी एमएसएमई फॉर्म-१ मध्ये दर सहामाहीला सरकारला कळवायची असतात, आणि द्यावं लागलेलं व्याज त्याला करात वजा मिळत नाही. नोटीस परचेसला पाठवून उपयोग नाही. प्रत सीएफओ (वित्तप्रमुख) आणि कंपनी सेक्रेटरीला जाऊ द्या, कारण या तीनही गोष्टी त्यांच्या टेबलावरच्या आहेत. आमच्या काही बिलांचे पैसे नुसत्या या पत्रावर सुटले.

उरलेल्यांसाठी अर्ज. त्यासाठी केंद्राचं समाधान पोर्टल ऑक्टोबर २०१७ मध्ये आलं, आणि जून २०२५ मध्ये केंद्राने ऑनलाइन वाद निवारणाचं ओडीआर पोर्टलही आणलं. उद्यम नंबर आणि ओटीपीने आत जायचं, खरेदीदाराचा पत्ता, ईमेल भरायचा, पीओ आणि बिलं जोडायची. मोठा फायदा असा की खरेदीदार चेन्नईचा असो वा गुरुग्रामचा, केस तुमच्या युनिटच्या हद्दीतल्या कौन्सिलपुढे चालते. पीओवर 'ज्युरिसडिक्शन दिल्ली' (वाद दिल्लीच्याच कोर्टात) किंवा स्वतंत्र लवादाचं कलम असलं तरी हा कायदा वरचढ ठरतो, हेही महाकाली फूड्सच्याच निकालात स्पष्ट झालं.

अर्ज मागे येतात ते बारीक चुकांवर. बिलावर 'एंटरप्रायझेस' आणि उद्यमवर 'इंजिनिअर्स', मालकी संस्थेची भागीदारी झाली पण जुन्या पॅनची बिलं नव्या नावाने टाकली, खरेदीदाराच्या प्लांटचा पत्ता दिला आणि नोंदणीकृत कार्यालयाचा दिला नाही, पीओ एका ग्रुप कंपनीचा आणि बिल दुसरीच्या नावाने. यातलं शेवटचं प्रकरण सर्वात वाईट, कारण 'आम्ही खरेदीदारच नाही' असं म्हणायला जागा मिळते.

व्याजाचा तक्ता मात्र सीएकडे टाकून मोकळं होऊ नका, स्वतः समजून घ्या. प्रत्येक बिलाला वेगळी ओळ: स्वीकृतीची तारीख, देय तारीख, मुद्दल, मधे आलेले पैसे, दर महिन्याचा दर, महिन्याअखेरची रक्कम. बँक रेट फेब्रुवारी २०२३ पासून ६.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट २०.२५ टक्के वर्षाला, १.६८७५ टक्के महिन्याला. ८ लाखांच्या बिलावर पहिल्या महिन्याचं व्याज १३,५०० रुपये, दुसऱ्या महिन्याचं १३,७२८, आणि हाच दर वर्षभर राहिला तर सुमारे १ लाख ७८ हजार. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेट ६.५०, एप्रिलमध्ये ६.२५ आणि जूनमध्ये ५.७५ झाला. आम्ही प्रत्येक टप्पा वेगळा धरला. एकच दर सरसकट लावला की सगळा तक्ता संशयात येतो. मधे 'ऑन अकाउंट' म्हणून आलेली रक्कम कुठल्या बिलापोटी हे खरेदीदाराने सांगितलेलं नसेल, तर करार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे ती कुठे वळती करायची ते आपण ठरवू शकतो. ती सर्वात जुन्या बिलात वळती करून त्याच दिवशी तसं लेखी कळवलेलं बरं.

जुन्या बिलांना दावा करण्याच्या कायदेशीर मुदतीचा धोका असतो. २०२५ मध्ये सोनाली पॉवरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की समेटाच्या टप्प्याला मुदतीचा कायदा लागत नाही, लवादाच्या टप्प्याला लागतो. म्हणजे तीन वर्षं उलटलेल्या बिलावर बोलणी होऊ शकतात, निवाडा अवघड. दर ३१ मार्चचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे येणं किती याची खरेदीदाराची लेखी कबुली, सहीनिशी घेत राहिलात, तर मुदत संपण्याआधी मिळालेल्या प्रत्येक लेखी कबुलीपासून ती नव्याने मोजली जाते.

कौन्सिलपुढे आधी समेट, तो फसला तर लवाद. समेटाच्या तारखेला समोरून पुष्कळदा अकाउंट्समधला कनिष्ठ माणूस येतो, ज्याला काहीच कबूल करायचा अधिकार नसतो. अधिकारपत्र मागा आणि नसेल तर तशी नोंद करायला सांगा. प्रस्ताव ठरलेला असतो: मुद्दल घ्या, व्याज सोडा. पुढचे पीओ हवे असतात म्हणून बहुतेक जण इथे मान डोलावतात, आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण व्याज सोडायचंच तर ते अटीवर सोडा. हप्त्यांच्या तारखा, आरटीजीएसने भरणा, आणि एक जरी हप्ता चुकला तर पूर्ण व्याज पुन्हा लागू, हे तडजोडीत लिहा आणि ती तडजोड कौन्सिलपुढेच सही करा. कौन्सिलपुढे झालेल्या समेटाला निवाड्याचा दर्जा मिळतो. बाहेर चहाच्या टेबलावर ठरवून अर्ज मागे घेतला तर हातात काही राहत नाही.

समेट फसला की एका गोष्टीवर डोळा ठेवा. समेट संपल्याची वेगळी नोंद, मग लवाद सुरू झाल्याची वेगळी नोटीस, मग दावा, उत्तर, पुरावे, असा क्रम रोजनाम्यात दिसला पाहिजे. घाईत दोन्ही एकत्र करून दिलेला निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये झारखंड ऊर्जा विकास निगमच्या प्रकरणात रद्दबातल ठरवला. लवकर निवाडा मिळाल्याचा आनंद मग महागात पडतो. कायद्यात निकालाला ९० दिवस आहेत, पण अर्जांचा ढीग आणि बैठकांची संख्या पाहता ते पाळले जाणं कठीण. उद्योग खात्याला खरोखर व्यवसायसुलभता वाढवायची असेल तर नव्या योजनेपेक्षा या बैठका वाढवाव्यात, पूर्णवेळ कर्मचारी द्यावेत. यासारखा थेट उपाय मला दुसरा दिसत नाही.

दरम्यान खरेदीदार दिवाळखोरी प्रक्रियेत गेला तर दाव्यांवर लागणाऱ्या स्थगितीमुळे कौन्सिलची केस थांबते. जाहीर सूचना निघते तिकडे लक्ष ठेवून रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे (ती प्रक्रिया चालवणाऱ्याकडे) फॉर्म बी, म्हणजे आपल्या येण्याचा दावा, भरावा लागतो. तो राहिला तर पुढे काहीच मिळत नाही.

निवाडा हाती आल्यावर खरेदीदाराला तो आव्हान द्यायला तीन महिने असतात, फार तर आणखी ३० दिवस. याच २००६ च्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे निवाड्याची ७५ टक्के रक्कम भरल्याशिवाय त्याचा अर्ज ऐकला जात नाही. त्याने रक्कम भरली की लगेच आपला अर्ज टाका. योग्य अटींवर काही भाग पुरवठादाराला देण्याचा अधिकार कोर्टाला याच कलमात आहे. आव्हान आलं नाही तर निवाडा हुकूमनाम्यासारखा राबवता येतो. दरखास्त (निवाडा राबवण्याचा अर्ज) खरेदीदाराची मालमत्ता किंवा बँक खातं आहे तिथल्या कोर्टात करायची, म्हणून जुन्या आरटीजीएसमधून त्याच्या बँकेचं नाव आणि शाखा आधीच लिहून ठेवा. आणि व्याजाची रक्कम खात्यात आली की सीएला कळवा. उशिराच्या पैशांवरचं व्याज जीएसटीच्या मूल्यात धरलं जातं. त्यावरचा कर ती रक्कम मिळाल्याच्या तारखेला देय होतो, आणि त्यासाठी आपल्याकडून खरेदीदाराच्या नावे वाढीव रकमेची डेबिट नोट काढावी लागते.