“येतंय गं सगळं, आत्या!”

पिट्सबर्गला मी एका कॉलेजात फिजिक्सची ट्यूटर आहे. इथे तपासलेला पेपर हातात पडतो तेव्हा सोबत एक जादा कागद येतो. अभ्यास कसा केलात? मार्क नेमके कुठे गेले, आकडेमोडीत, प्रश्न न कळल्यामुळे, की धडाच डोक्यात नव्हता? पुढच्या वेळी काय बदलणार? याला एक्झाम रॅपर म्हणतात. कल्पना मार्शा लव्हेट यांची, याच शहरातल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली. पुढच्या परीक्षेआधी तोच कागद मुलांना परत देतात.

लगेच हुरळून जाऊ नका. बरीच मुलं “अजून अभ्यास करीन” एवढं खरडून मोकळी होतात. जी मनापासून भरतात, त्यांची तक्रार मात्र ठरलेली: सगळं येत होतं, पेपरात आठवलं नाही.

हीच तक्रार मला गिरगावातूनही ऐकू येते. भाची दहावीला आहे, सेमीची. माझी रात्र ती तिची सकाळ, तेव्हा व्हिडिओ कॉल. तिच्या सायन्सच्या पुस्तकात इलेक्ट्रिक मोटरचं पान पिवळ्या-गुलाबी हायलायटरने असं माखलंय की पुस्तक रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसतं. “येतंय गं सगळं, आत्या!” म्हटलं, मीट पुस्तक आणि सांग, कॉइल अर्धा फेरा फिरल्यावर उलटी मागे का येत नाही? कॉइलवर बल कुठल्या दिशेने लागतं ते सांगणारा फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तिने तीन बोटं नाचवत घडाघडा म्हटला. गाडी अडली स्प्लिट रिंगपाशी. ही दोन अर्ध्या तुकड्यांची कडी दर अर्ध्या फेऱ्याला कॉइलमधला प्रवाह उलटवते, म्हणून मोटर एकाच दिशेने फिरत राहते. त्या पानावर हेच वाक्य गुलाबी होतं.

आपण काय शिकतोय, कसं शिकतोय यावर आपणच नजर ठेवणं, याला जॉन फ्लावेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात मेटाकॉग्निशन असं नाव दिलं. गोची अशी की ही नजर सहज फसते. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एका गटाला तोच उतारा चार पाळ्या वाचायला लावला. दुसऱ्याने एक पाळी वाचला आणि तीन पाळ्या न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. आणि आपल्याला चांगलं आठवेल अशी खात्री जास्त कुणाला होती? वाचणाऱ्यांना!

वाचल्या वाचल्या केलेला अंदाज चुकतो, थोड्या वेळाने केलेला बराच बरोबर येतो, हेही नेल्सन आणि डनलॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवलं. म्हणून वहिनीला सांगितलंय, धडा झाल्यावर लगेच विचारू नकोस, जेवणं उरकल्यावर विचार. वहिनीचं म्हणणं, तेवढ्या वेळात आणखी एक धडा वाचून होईल. आमच्या आजीला मात्र माझंच पटलं असतं. पाढे असोत की कविता, “पुस्तक मीट, म्हणून दाखव” हा तिचा खाक्या. फक्त “का?” ती कधी विचारायची नाही.

भाची आता उत्तर लिहिण्याआधी समासात “पक्कं” किंवा “डळमळीत” लिहिते आणि मग पुस्तक उघडून ताडून बघते. “पक्कं” लिहून चुकलेली उत्तरं आम्ही आधी धरतो. इतिहासाला मात्र तिने साफ नकार दिलाय. म्हणते, सनावळीला कुठलं आलंय “का”? त्यावरून आमची रोज जुंपते.