भोंगा आणि चौथा गडी

सांगलीत समुपदेशनाचे काम करताना, मुलाआधी त्याचे पालकच बोलू लागतात, याची मला आता सवय झाली आहे. त्या सोमवारीही तसेच झाले. (मुलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) कडेगाव तालुक्यातून आलेल्या वडिलांनी खुर्चीत बसण्याआधीच मुलाचा मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, आमच्या जवळच्या मोहित्यांच्या वडगावात रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि सगळं गाव दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवतं. मी घरात तेच सुरू केलं, तर ह्यानं जेवणाचं ताट भिरकावलं."

मुलगा अकरावीतला, दीड वर्षापासून बीजीएमआय हा मोबाइलवरचा ऑनलाइन लढाईचा गेम खेळणारा. रात्री दोन-तीनपर्यंत जागरण, कॉलेजातली हजेरी घसरलेली, जिवापाड जपलेली तालीम सुटलेली. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डरची तीन लक्षणे दिली आहेत : खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. हे चित्र साधारणपणे १२ महिने टिकलेले असावे लागते. इथे तिन्ही लक्षणे स्पष्ट होती, म्हणून मी नेहमीप्रमाणे तासांचा तक्ता पुढे ओढला.

टेबलावरचा मोबाइल मात्र सारखा थरथरत होता. शेवटी मुलगा म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं द्या. आज रात्रीच्या स्क्रिमला, म्हणजे सरावाच्या सामन्याला, मी नाही एवढंच सांगतो, नाहीतर तिघंच उतरतील." वडिलांची परवानगी घेऊन मी त्याला माझ्यासमोरच बोलायला सांगितले. त्याने डिस्कॉर्ड हे गेमर मुलांचे गप्पांचे ॲप उघडले आणि पलीकडून पहिलाच प्रश्न आला, "भाई, मम्मी का ऑपरेशन हो गया?"

वडिलांनी मान खाली घातली. मुलाची आई मिरजेत रुग्णालयात दाखल आहे, हे गेल्या चाळीस मिनिटांत दोघांपैकी कोणीही मला सांगितले नव्हते. मीही तासच मोजत बसले होते. घरात काय चालले आहे, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले, याचे मला आजही वाईट वाटते. गोरखपूर, नागपूर आणि गुवाहाटीच्या तीन मुलांना मात्र सारे ठाऊक होते. आदल्या रात्री ती त्याच्यासोबत न खेळता नुसती बोलत जागली होती.

मग तो मोकळेपणाने सांगू लागला. स्क्वॉड, म्हणजे संघ, चौघांचा, आणि त्यात तो आयजीएल, म्हणजे कुठे उतरायचे आणि कधी चढाई करायची हे ठरवणारा. डाव जवळपास अर्धा तास चालतो आणि मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे जेवायची हाक ऐकून तो उठला तर उरलेले तिघे उघड्यावर पडतात. पण याच मैत्रीचा काचही त्याने सांगितला. लागोपाठ तीन स्क्रिम चुकवणाऱ्या एका मुलाला त्यांच्या क्लॅनने, म्हणजे खेळाडूंच्या मोठ्या गटाने, एका रात्रीत सगळ्या चॅनेलवरून काढून टाकले आणि त्यानंतर त्याच्याशी कोणी बोलले नाही. "मीपण त्याला मेसेज केला नाही," असे म्हणताना त्याचा आवाज बसला.

वडगावात भोंगा वाजला की सगळे एकत्र थांबतात, त्यामुळे कोणी एकटा पडत नाही. या घरात मात्र एकट्या मुलाने थांबायचे होते, आणि तिघांच्या नजरेत तो पळपुटा ठरणार होता.

तास कमी करावेच लागतील, हे मी त्याला ठामपणे सांगितले, कारण झोपेविना काहीच सुधारणार नव्हते. परंतु वेळ त्याची त्यानेच ठरवावी आणि आपल्या गड्यांना स्वतःच कळवावी, असा आग्रह धरला. बराच वेळ खाडाखोड करून त्याने लिहिले, "रात ११ के बाद मैं नहीं." उत्तर येईपर्यंत तो अंगठ्याचे नख कुरतडत होता. दोघांनी लगेच होकार दिला. तिसऱ्याने मेसेज वाचला, पण उत्तर दिले नाही.

पुढच्या आठवड्याची वेळ घेऊन दोघे निघाले. जिना उतरताना वडील मुलाला विचारत होते, "तो गोरखपूरचा पोरगा कितवीत आहे रे?"