कोल्हापुरात बर्फ

मे महिन्यातली गोष्ट. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. त्या आठवड्यात दोन हीट, म्हणजे भट्टीतून ओतलेल्या लोखंडाच्या दोन खेपा, रिजेक्ट झाल्या होत्या, डिस्पॅचवाला दर तासाला लॅबच्या दारात येऊन उभा राहत होता आणि जर्मनीच्या कस्टमरचा टेस्ट रिपोर्टसाठी तिसरा मेल येऊन पडला होता. मी तेव्हा नुकताच इंग्रजी बोलण्याचा क्लास लावलेला. नवीन शिकलेलं कुठं वापरू नि कुठं नको असं झालं होतं. मेल टाकला: 'सॉरी फॉर द डिले, वुई आर स्नोड अंडर धिस वीक.' म्हणजे कामात पार बुडालोय. आणि मोठ्या ऐटीत सेंड दाबलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. रिपोर्ट कधीपर्यंत मिळेल ते कळवा, आणि तुमच्या भागात बर्फ पडतो हे ठाऊक नव्हतं, रस्ते सुरू आहेत ना?

तो माणूस गंमत करत होता की खरंच विचारत होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण मेलच्या कॉपीत आमचे साहेब होते. मीटिंगला सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, बर्फ कुठल्या शेडमध्ये पडलाय तेवढं सांगा. तिथं एक खुर्ची टाकून बसतो." खिडकीबाहेर मोल्डमध्ये १४०० अंशांच्या आसपासचं लोखंड ओतणं चालू होतं. पोरं घामानं निथळत होती. आणि मी लिहून बसले होते की आम्ही बर्फाखाली गाडले गेलोय.

दोन दिवस फौंड्रीत मला सगळे "काय मॅडम, गारठा आहे का?" विचारत होते.

क्लास राजारामपुरीत, संध्याकाळी सात ते आठ. तिथल्या सरांनी एक झेरॉक्स दिली होती: 'बिझी लाइफ' कसं सांगायचं. बावीस वाक्प्रचार. स्वॅम्प्ड, हेक्टिक, रश्ड ऑफ माय फीट, अप टू माय आयबॉल्स, स्ट्रेस्ड आउट, बर्नआउट, आणि एक 'आय हॅव अ लॉट ऑन माय प्लेट'. या शेवटच्यावर आमच्या बॅचमध्ये बराच वेळ हसणं चाललं होतं. ताटात खूप वाढून ठेवलंय ही तक्रार कशी काय असू शकते? कोल्हापुरात ताट भरलेलं असेल, एका बाजूला तांबडा आणि एका बाजूला पांढरा असेल, तर माणूस दार लावून घेतो आणि फोन सायलेंटवर टाकतो. सरांनाही उत्तर सुचलं नाही.

पण बर्फाच्या प्रकरणानंतर मला नाद लागला. एकेक शब्द घ्यायचा आणि तो मुळात कशाचा आहे ते बघायचं. बस चुकली की बसथांब्यावर, सोमवारी सुट्टीला कपडे वाळत घालताना, असं.

हेक्टिक बघितला आणि जरा दचकले. आमच्या ऑफिसात हा शब्द 'चहा घेतला का' इतका सहज वापरतात. मुळात तो तापाचा शब्द. क्षयाच्या रोग्याला रोज चढणारा बारीक ताप, गालावर लाली आणणारा, तो हेक्टिक. धावपळीचा अर्थ त्याला गेल्या शतकाच्या सुरुवातीला चिकटला. म्हणजे 'आजचा दिवस हेक्टिक होता' म्हणताना आपण खरं तर कणकण सांगत असतो. तसं बघितलं तर मार्चएंडला ते चुकीचंही नाही.

डेडलाइन त्याहून वाईट. मला वाटायचं, रेष संपली की काम संपलं, म्हणून डेड. तसलं काही नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनविल इथं युद्धकैद्यांचा तळ होता. उंच लाकडी तटाच्या आत थोडं अंतर सोडून एक हलकंसं कठडं घातलेलं. कैद्यानं ते ओलांडलं, नुसता हात जरी पलीकडं गेला, तरी मचाणावरचा पहारेकरी गोळी घालू शकत होता. ती डेड लाइन. त्या तळावर सुमारे १३,००० कैदी मेले. गोळीनं थोडे, भूक आणि रोगानं बाकीचे. तळाच्या प्रमुखाला पुढं १८६५ मध्ये फाशी झाली. शब्द मात्र सुटला. छापखान्यात गेला, वर्तमानपत्रात गेला, आणि आता आमचा डिस्पॅचवाला रोज चार वेळा म्हणतो, "मॅडम, डेडलाइन आहे बरं का." परवा मी त्याला ही सगळी कथा सांगितली. तो म्हणाला, "ते असू दे. रिपोर्ट?"

स्वॅम्प्ड हा आमच्या गावाचा शब्द आहे असं मी ठरवून टाकलंय. नावेत पाणी भरून ती बुडायला येते, ते स्वॅम्प होणं. पाण्याचं आम्हाला काय सांगता? २०१९ च्या ऑगस्टमध्ये महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला तेव्हा आमची कंपनी बंद होती, मी घरात आणि माझे टेस्टबार लॅबमध्ये, असे अडकून पडलो होतो. पावसाळ्यात कोल्हापूरच्या माणसाला तब्येत विचारा, तो आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगेल. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतात. आमच्या घरात त्यावरूनच एक भाषा तयार झाली. मी उशिरापर्यंत ऑफिसात असले की नवऱ्याचा मेसेज येतो, 'किती फूट?' मी लिहिते '३६', मग तो निवांत असतो. '४०' लिहिलं की तो कुकर लावतो. '४३' एकदाच लिहिलं होतं, ऑडिटच्या आदल्या रात्री. तेव्हा तो गाडी घेऊन गेटवर आला, काही न बोलता.

आता स्ट्रेसवर येते. कारण हा माझ्या धंद्यातला शब्द आहे, आणि यावर मी जरा जास्त बोलणार.

लॅबमध्ये आमचं यूटीएम आहे, ओढून बघायचं मशीन. कास्टिंगबरोबर ओतलेल्या तुकड्यातून १४ मिलिमीटर जाडीचा गोल बार काढायचा, त्यावर ७० मिलिमीटरवर दोन खुणा करायच्या, दोन्ही टोकं जबड्यात धरायची आणि ओढत जायचं. ५००/७ ग्रेडच्या एसजी आयर्नचा, म्हणजे चिवट बिडाचा, बार असेल तर त्यानं पावणेआठ टनांच्या वर ओढ सोसली पाहिजे, आणि तुटायच्या आधी ७ टक्के, म्हणजे जवळजवळ ५ मिलिमीटर, लांबलं पाहिजे. तुटतो तेव्हा 'ठण्ण' असा आवाज होतो. दहा वर्षं ऐकतेय, तरी दर वेळी खांदे उडतात. मग दोन तुकडे उचलायचे, गरम लागतात हाताला, एकमेकांना जुळवून धरायचे आणि व्हर्नियरनं खुणांमधलं अंतर मोजायचं.

यातला भार भागिले क्षेत्रफळ म्हणजे स्ट्रेस. आणि त्यानं मूळ लांबीच्या मानानं बार जेवढा लांबला ते स्ट्रेन. एक बाहेरून आलेलं, एक आत झालेलं. डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत मी हे दोन उलटे सांगितले होते आणि बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून बघितलं होतं.

तर माणसाच्या ताणाला स्ट्रेस हे नाव रूढ केलं ते हान्स सेली या शास्त्रज्ञानं. जन्म व्हिएन्नातला, माणूस हंगेरियन, काम कॅनडात मॉन्ट्रियलला. १९३६ मध्ये त्यानं 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडी द्या, इजा करा, विष टोचा, काहीही करा, शरीराचं उत्तर बरंचसं एकच येतं, असं त्याचं म्हणणं. पुढं त्याच्या लिहिण्यातून स्ट्रेस हा शब्द जगभर गेला. आणि म्हातारपणी या गृहस्थानं काय कबूल करावं? की आपलं इंग्रजी तेव्हा बेताचं होतं, स्ट्रेस आणि स्ट्रेनमधला फरक नीट ठाऊक असता तर आपण स्ट्रेन म्हटलं असतं!

हे वाचलं त्या रात्री मी जेवताना तीनदा हसले. अख्खं जग ज्या शब्दानं रडतंय तो एका माणसाच्या कच्च्या इंग्रजीतून आलाय. बर्फाचा मेल त्यापुढं काहीच नाही.

मग मला आपला शब्द आठवला. ओढाताण. आजी म्हणायची, "दोन घरांत नुसती ओढाताण होतीया बघ." लॅबमध्ये उभं राहून हा शब्द एकदा मनात म्हणून बघितला. एका जबड्यात एक टोक, दुसऱ्यात दुसरं. यूटीएमला मराठीत याहून चांगलं नाव नाही. आणि त्यात 'मी' कर्ता नाही हे बघा. इंग्रजीत आय अॅम बिझी, आय अॅम स्वॅम्प्ड, सगळीकडे आय पुढं. आपल्याकडे ओढाताण होते, तारांबळ उडते, काम अंगावर येतं, वेळ पुरत नाही. माणूस बिचारा चतुर्थी-षष्ठीत कुठंतरी कोपऱ्यात उभा.

तारांबळ तर लग्नातून आलीय असं सांगतात. मंगलाष्टकाच्या शेवटी भटजी 'तदेव लग्नं सुदिनं तदेव, ताराबलं चंद्रबलं तदेव' सुरू करतात, तेव्हा अंतरपाट, अक्षता, हार, मामा, सगळं एकदम शोधायला लागतं. त्या क्षणाला दुसरं नाव सुचणार तरी कुठलं. आणि धांदल वेगळी, लगबग वेगळी. लगबगीत थोडा आनंद असतो. दगदग अंगाला लागते. त्रेधातिरपीट बघणाऱ्याला हसू आणते. झेरॉक्समधल्या बावीसांत आनंदाचा एकही नव्हता, हे मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या बॅचला बघू.

बर्नआउटचा तेवढा मराठी जोड मला सापडत नव्हता. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या फ्रॉइडनबर्गर या मानसतज्ज्ञानं तो शब्द मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांसाठी वापरला. तो स्वतः दिवसा आपली प्रॅक्टिस आणि संध्याकाळी तिथं, असा राबत होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउट आपल्या यादीत घेतलं, पण आजार म्हणून नाही, कामामुळं होणारी अवस्था म्हणून. (म्हणजे सिक लीव्ह नाही.)

हे मी सासूबाईंना सांगत होते, भाजी निवडता निवडता. त्यांचं माहेर करवीरमधलंच, घरचं गुऱ्हाळ होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग चिपाड म्हण की."

चरकातून ऊस एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, की उरतं ते चिपाड. त्यात रस नाही, वजन नाही. "माझा भाऊ दोन हंगाम काहिलीवर उभा ऱ्हायला, तवा आई म्हणायची, पोराचं पार चिपाड झालं." मग मेथीची जुडी सोडत सहज म्हणाल्या, "आनि चिपाड टाकत न्हाईत गं. उनात वाळवायचं नि चुलवाणात घालायचं. त्याच्याच जाळावर त्याचाच रस आटतोय."

मी देठं निवडायची थांबले. त्या म्हणाल्या, "निवड. कुकर लावायचाय. मी आलो फुलं घेऊन." (आमच्याकडच्या बायका 'आलो'च म्हणतात. क्लासात कितीही व्याकरण शिकवा.)

जुलैमध्ये त्याच जर्मन कस्टमरबरोबर व्हिडिओ कॉल होता. त्यानं शिष्टाचार म्हणून विचारलं, हाऊ आर यू. झेरॉक्स समोर होती, पण तोंडातून निघून गेलं, "थर्टी एट फीट." साहेबांनी कपाळाला हात लावला. मग मला सगळं सांगावं लागलं: पंचगंगा, बंधारा, ३९ म्हणजे काय, ४३ म्हणजे काय, माझा नवरा कुकर कधी लावतो. तो माणूस ऐकत होता आणि काहीतरी लिहून घेत होता.

पुढच्या आठवड्यात त्याचा मेल आला. पोरॉसिटीबद्दल दोन प्रश्न, ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन, आणि शेवटी एक ओळ: 'होप यू आर बिलो थर्टी नाइन.'

मी लिहिलं, 'फॉर्टी वन. रिपोर्ट टुमॉरो.'