टेलिझूमचा शोध, भाग ४: कडबनवाडीला सगळ्या फ्रेम्स सॉफ्ट का आल्या ते सापडलं

सापडलं एकदाचं! मागच्या वेळी लिहिलं होतं ना, की निकॉन २००-५०० ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स (आकडे एमएममधल्या फोकल लेंथचे) दोन दिवस भाड्याने घेते, भिगवणचं पाणी आणि कडबनवाडीचा माळ करते आणि मगच ती की सिग्मा १५०-६०० काँटेंपररी ते ठरवते. तर शनिवारी भिगवणला लेन्स अशी चालली की परत द्यावीशी वाटेना, आणि रविवारी सकाळी कडबनवाडीच्या माळावर त्याच लेन्सने, त्याच डी५०० कॅमेऱ्यावर सव्वादोनशे फ्रेम्स काढल्या त्यातली एकही धड शार्प नाही. समोर खोकड (माळावरचा छोटा कोल्हा) होतं हो! पंचवीस-तीस मीटरवर, बाभळीखाली कोवळं ऊन खात बसलेलं, दहा मिनिटं हललं नाही. घरी येऊन लॅपटॉपवर १०० टक्के करून बघितलं आणि रडायलाच आलं.

आधी भिगवणचं थोडक्यात. कुंभारगावहून पावणेसातला होडी. ऑस्प्रे (मासे पकडणारा शिकारी पक्षी) मासा घेऊन सरळ आमच्या अंगावरून गेला, ५०० ला, एफ ५.६ अ‍ॅपर्चर, १/२५०० सेकंद शटरवर, आणि त्याच्या पिवळ्या डोळ्यातली बाहुली स्पष्ट मिळाली. माझ्या जुन्या ७०-३०० ने असा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. फ्लेमिंगोंचा थवा उठला तेव्हा ५०० वरून २४० पर्यंत यावं लागलं, आणि इथे ह्या लेन्सचं एक दुखणं कळलं, झूम रिंग फार फिरवावी लागते, एका मनगटात २०० ते ५०० होतच नाही, मध्ये हात सोडून परत धरावा लागतो. तेवढ्यात थवा अर्धा फ्रेमबाहेर. पण प्राइम (झूम न होणारी, एकाच फोकल लेंथची लेन्स) असती तर तो फोटोच नव्हता.

आता कडबनवाडी. पहिला संशय अर्थातच फ्रंट फोकसचा, म्हणजे फोकस जनावराच्या थोडा पुढेच बसण्याचा. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा, फोटोचा वेगळा, त्यामुळे भाड्याची लेन्स आपल्या बॉडीशी जुळलेली नसणार असं धरून चालले. सोमवारी सकाळी लेन्स परत द्यायची होती, दुकानदाराला फोन करून एक दिवस वाढवून घेतला. (दुकानाचं नाव लिहीत नाही, पण ट्रायपॉड कॉलरचा (लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याचा) स्क्रू सैल असलेली लेन्स गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये, होडीत बसल्यावर लक्षात आलं माझ्या.) गच्चीवर भिंतीला कालनिर्णयचं पान चिकटवलं, ट्रायपॉड लावला, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून एएफ मोडचं बटण आणि व्हिडिओचं बटण दोन सेकंद एकत्र दाबून ऑटो फाइन ट्यून केलं, म्हणजे लेन्सच्या फोकसची चूक कॅमेऱ्यालाच मोजून दुरुस्त करायला लावली. पाच वेळा केलं. उत्तरं उणे ४, उणे २, उणे ५, उणे ३, उणे ३. उणे ३ ठेवलं. पण गंमत अशी की फाइन ट्यून बंद असतानाही तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं नीट वाचता येत होती, म्हणजे एवढ्याशा चुकीने खोकड इतकं मऊ होणं शक्यच नाही.

मग परत त्या फ्रेम्स उघडल्या. फोकस पुढेमागे झाला असता तर खोकडाच्या पुढचं नाहीतर मागचं गवत कुठेतरी शार्प दिसायला हवं ना? कुठेच नाही. गवताच्या काड्या दुहेरी, कडा वितळल्यासारख्या. शटर १/१६००, बीन बॅगवर (लेन्स टेकवायची भरलेली पिशवी), व्हीआर (लेन्समधली हात हलणं सावरणारी सोय) चालू, त्यामुळे हात हलल्याचाही प्रश्न नाही. एफ ८ वर काढलेल्याही तशाच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकाच बर्स्टमधल्या (बटण दाबून ठेवून धडाधड काढलेल्या) लागोपाठच्या फ्रेम्स वेगवेगळ्या तऱ्हेने खराब होत्या, एकीत कान बरा तर नाक गेलेलं, पुढचीत उलटं. समोरचं जनावर जागचं हलत नसताना फोकसची चूक अशी फ्रेमागणिक जागा बदलत नाही. हे मी आधी कुठे बघितलं होतं? भिगवणलाच, ऊन चढल्यावर लांब काठावर बसलेल्या पट्टकादंबांच्या (हंसासारखे पाणपक्षी) फोटोत! हीट हेझ, म्हणजे गरम आणि गार हवा मिसळून समोरचं दृश्य थरथरणं. पण सकाळी सव्वासातला, कुडकुडत्या थंडीत, तीस मीटरवर हेझ कुठून येणार?

गाडीतून.

बाबा सोबत होते, त्यांना गार वारा बाधतो म्हणून हीटर चालू. लेन्स सगळा वेळ माझ्या मांडीवर गरम हवेत. खोकड दिसलं की काच खाली, बीन बॅग दारावर, लेन्स बाहेर. म्हणजे गाडीतली गरम हवा खिडकीतून लेन्सच्या तोंडावरूनच बाहेर पडतेय आणि गार हवेत मिसळतेय, त्यात लेन्सही गरम आणि तिच्या पुढे एवढं मोठं हूड (ऊन अडवणारी नळी), त्यातली हवाही तशीच घुसळत राहिलेली. ५०० एमएमवर एवढंसं पुरतं.

मंगळवारी पहाटे सहाला पार्किंगमध्ये करून बघितलं. हीटर लावून वीस मिनिटं थांबले, काच खाली केली, लांबच्या दिव्याखालच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डवर फोकस. लाइव्ह व्ह्यू झूम केल्यावर अक्षरं पाण्याखाली असल्यासारखी हलताना दिसली, मी ओरडलेच आनंदाने! मग हीटर आणि इंजिन बंद, चारही काचा खाली, परत वीस मिनिटं, आणि तोच बोर्ड कोरल्यासारखा. गाडी गरम असताना हूड काढलं तर थोडा फरक पडला, पण खरं काम गाडी गार करण्यानेच झालं. तेव्हा माळावर गाडीतून काढणाऱ्या सगळ्यांना सांगणं, हीटर बंद, काचा पहिल्यापासून उघड्या, आणि लेन्स बाहेरच्या हवेला येऊ द्या. बाबांसाठी कानटोपी, शाल आणि थर्मास.

ह्याने माझं सगळं गणितच बदललं. मी मनातून सिग्माकडे झुकले होते ती यूएसबी डॉकसाठी (लेन्स कॉम्प्युटरला जोडून फोकस जुळवायचं साधन), चार फोकल लेंथ आणि चार अंतरं मिळून सोळा ठिकाणी फोकस जुळवता येतो, डी५०० मध्ये एका लेन्सला एकच आकडा. पण माझा प्रश्न फोकसचा नव्हताच. आणि ते वरचे १०० एमएम, तर आमच्या माळावर आणि पाण्यावर नऊनंतर लांबचं काही काढण्यात अर्थ नसतो, ६०० असली तरी हेझच मोठा होऊन दिसणार. उलट सिग्माच्या एफ ६.३ ऐवजी निकॉनचा ५.६ जास्त प्रकाश घेतो, तो सकाळच्या अंधारात कामाचा. वजनात मात्र सिग्मा जिंकते, १९३० ग्रॅम विरुद्ध २३००, आणि होडीत दोन तास हातात धरल्यावर तो फरक खांद्याला कळतो.

हे लिहितानाच डोक्यात आलं की वजनाचंच असेल तर निकॉनची हलकी प्राइम ५०० पीएफ का नको, १४६० ग्रॅम! एक तास सेकंडहँडच्या किमती बघत बसले. पण मग तो फ्लेमिंगोंचा फोटो परत उघडला, २४० वरचा, सगळा थवा एका फ्रेममध्ये. नको, झूमच.

तर २००-५००, सेकंडहँड. पिंपरीत एकजण विकतोय, शनिवारी बघायला जातेय. ५०० ला पूर्ण उघडी ठेवून चारही कोपरे, व्हीआरचे नॉर्मल आणि स्पोर्ट दोन्ही मोड, झूम रिंगमध्ये खरखर, टॉर्च टाकून आत बुरशी, एवढं तपासणार. अजून काय बघू ते शुक्रवारपर्यंत सांगा. आणि आर्का प्लेट (ट्रायपॉड हेडमध्ये सरकवून अडकवायची पट्टी) बसणारा कॉलर फूट कुणी बदलून घेतला असेल तर कुठला घेतला तेही, मूळचा फूट थेट आर्का हेडवर बसत नाही आणि माझा त्या स्क्रूवरचा विश्वास उडालाय.