हिकडं बघा

आजीच्या फोटोची काच फुटली. फुटली म्हणजे मीच फोडली. दुपारी अडीच वाजता, जेवण अंगावर आलेलं असताना, कोपऱ्यातली जळमटं आजच काढायची हे मला कुणी सांगितलं होतं? झाडूचा दांडा चौकटीला लागला, आजी जरा तिरकी झाली, आणि मग सावकाश, घाई न करता खाली आली. काच गेली. आजीला काही झालं नाही.

फ्रेमवाल्याकडे नेला. त्यानं पकडीनं मागचे बारीक खिळे उपटले, पुठ्ठा काढला, पुठ्ठ्यामागचं पिवळं पडलेलं वर्तमानपत्र काढलं आणि फोटो उजेडात धरून म्हणाला, "ताई, डोक्यामागं ही काठी कसली? आणि खांद्यावर बोटं कुणाची?"

काठी मला माहीत होती. बोटं नव्हती माहीत. पन्नासेक वर्षं त्या फोटोला हार आहे. आधी चंदनाच्या सालींचा होता, आता प्लॅस्टिकचा. तो नेमका डाव्या खांद्यावरून जातो. हार काढून आजीला मी कधी बघितलंच नव्हतं. डाव्या खांद्यावर, पदराच्या काठाजवळ, मागून आलेली चार बोटं. अंगठा नाही. हात नाही. मनगटापासून पुढचं माणूस नाही.

"दोनशे रुपयांत साफ करून देतो," फ्रेमवाला म्हणाला. "मागं आभाळ टाकू का निळं? ढग पण येतात."

उद्या सांगते म्हटलं आणि पावती घेऊन घरी आले.

फोटोच्या पाठीवर जांभळ्या शाईचा शिक्का होता : प्रत मागवताना हा नंबर कळवावा. पुढे टाकानं लिहिलेला आकडा, ४१७. ते अक्षर फोटूवाल्या तात्यांचं. चारातली शेपटी खाली इतकी लांब ओढायची त्यांना सवय होती की चार कुठला आणि नऊ कुठला यावरून गिऱ्हाइकांशी भांडणं व्हायची.

तात्यांचं दुकान आमच्या घराला लागून. पुढच्या खोलीत पडदा. त्यावर कोल्हापूरच्या एका पेंटरकडून रंगवून आणलेला बगीचा, कमान, कारंजं आणि कारंज्यापाशी एक राजहंस, ज्याची मान कुणी तरी टेकून टेकून पुसली होती. आमच्याकडे पेंटर लोकांना मोठा मान. बाबूराव पेंटरांनी ज्या शहरात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा घडवला, तिथला पडदा म्हणजे काय! तात्या हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक स्टुलावर ताठ बसलेलं असायचं, त्याला मान हलवायची परवानगी नसायची, त्यामुळे ऐकून घ्यायचं.

मागच्या खोलीत अंधार. तिथे जायला मुलांना बंदी होती, पण तात्यांची मुलगी माझ्या वर्गात, म्हणून मी दोन-चारदा गेले. लाल दिवा, हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा, तो नाकात बसणारा वास, आणि ट्रेमध्ये पाण्यासारख्या पाण्यात बुडालेला कोरा कागद. तात्या ट्रे एका बाजूनं हळूच उचलायचे, सोडायचे. आधी डोळे यायचे. मग केस, मिशा, कोटाची बटणं. पांढरा पटका सगळ्यात शेवटी. एखादा चेहरा यायला कुरकुर करायला लागला की तात्या तेवढ्या जागेवर बोट घासायचे. बोटाच्या उबेनं तो भाग जरा लवकर गडद होतो म्हणे. मला तेव्हा वाटायचं, तात्या त्याला जागं करताहेत. उठ बाबा, तुझा फोटू आलाय.

पण तात्यांचा खरा हंगाम म्हणजे चैत्र पौर्णिमा. जोतिबाची जत्रा. वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या निघायच्या, त्यांत आमच्या गावचीही, तीस-पस्तीस फुटांची, चारी बाजूंनी दोर धरून तोललेली. हलगीच्या तालावर ती नाचवणाऱ्याच्या पोटरीकडे बघत राहावं. आणि गुलाल. हवेत गुलाल, पायऱ्यांवर गुलाल, खोबऱ्याच्या वाट्यांत गुलाल, दुसऱ्या दिवशी कानातून गुलाल. चांगभलंच्या आरोळीत तात्या गळ्यात याशिका कॅमेरा आणि त्यावर आपला स्वतःचा टॉवेल झाकून चढायचे. गुलाल भिंगात गेला की कॅमेरा संपला, म्हणून डोंगरावर ते एकटे असे होते जे देवाचा प्रसाद अंगावर आला की पाठ फिरवायचे.

एका रोलात बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. "बाराच हाईत," तात्या ओरडायचे, "डोळं मिटलं तर मला सांगू नगासा!" दीपमाळेपाशी माणसं ओळीनं उभी राहायची. पुरुषांना तोंडभर गुलाल हवा असायचा. नुकताच पुसला असेल तर पुन्हा माखून यायचे. बायका मात्र फोटोआधी पदराच्या टोकाला थुंकी लावून गाल स्वच्छ करायच्या आणि कपाळावरचा तेवढा ठेवायच्या. मग तात्यांचा हुकूम : "हिकडं बघा." आणि सगळं गाव, मागे काठी नाचत असताना, देव पालखीत असताना, गळ्यातल्या त्या चौकोनी डब्याकडे बघायचं. कुणी हसायचं नाही. लग्नात, कोर्टात आणि फोटोत हसायचं नसतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

काळ्या-पांढऱ्या फोटोत गुलाल राखाडी येतो. माणूस भक्तीत न्हालेला न दिसता पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. लोकांना ते चालायचं नाही. मग तात्या काडीपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून प्रत्येकाच्या तोंडावर गुलाबी रंग लावत बसायचे. रंगाचे पैसे वेगळे. यावरही तक्रारी : आमच्या धन्याला कमी लावलाय, त्यांच्या म्हेवण्याला बघा किती. चैत्र संपून वैशाख लागला तरी तात्या दुकानात बसून एकेकाला गुलाल लावताहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे आहे. डोंगरावर पाठ फिरवली त्याची भरपाई असावी.

आता जरा माझं एक जुनं खुसपट. आषाढ आला की पेपरात वारीचे फोटो येतात. दरवर्षी तीच आजी. म्हणजे माणूस वेगळं, पण आजी तीच : चेहऱ्यावर सुरकुत्या, डोक्यावर तुळस, तोंडात दोन दात, नजर कुठे तरी वर. ती कधीही आपल्याकडे बघत नाही. मागे भगव्या पताका आणि ढग. फोटो वाईट असतो असं नाही. चांगलाच असतो, हीच पंचाईत आहे.

माझा भाचा असले फोटो काढतो. एका वर्षी त्याच्याबरोबर मी दिवे घाटात गेले. त्याच्या लेन्सच्या किमतीत तात्यांचं सगळं दुकान राजहंसासकट आलं असतं. त्यानं एक आजी हेरली. आजीनं त्याला बघितलं, थांबली, तुळस सरळ केली, पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

"आजी, इकडे नका बघू," भाचा म्हणाला. "तुम्ही आपल्या चालत राहा. मी नाहीच असं समजा."

"आरं, तू हाईस की," आजी म्हणाली.

"हो, पण कॅमेऱ्याकडे बघू नका."

"बघायचं न्हाई, तर काढतोस कशाला?"

शेवटी ती चालायला लागली आणि भाच्याला हवा तो फोटो मिळाला. जाता जाता तिनं विचारलं, मला कवा मिळंल? भाचा इन्स्टावर टाकतो म्हणाला. तिनं गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, पोस्ट कुठलं ते सांगितलं. भाच्यानं लिहून काही घेतलं नाही. सोसायटीच्या गणपतीतल्या प्रदर्शनात त्या फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. खाली लिहिलं होतं : भक्ती. टाळ्या मीही वाजवल्या.

असं करणारा तो पहिला नव्हे. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला होता. त्याच मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या साहेबानं मुंबईच्या नाना जातीजमातींच्या लोकांचे फोटो काढून १८६३ आणि १८६६ साली दोन खंड काढले. त्याची तऱ्हा अशी की माणसांचा फोटो स्टुडिओत काढायचा, त्यांच्या आकृत्या कापून घ्यायच्या आणि मुंबईच्या देवळा-तळ्यांच्या, रस्त्यांच्या वेगळ्या फोटोंवर बेमालूम बसवायच्या. माणसं ज्या जागी उभी दिसतात तिथे ती त्या क्षणी नव्हतीच. खाली बहुतेक ठिकाणी नाव माणसाचं नाही, जातीचं. मी ते फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघते तेव्हा मला कपडे, पगड्या, दागिने सगळं दिसतं, आणि एक प्रश्न उरतो : ह्यांना प्रत मिळाली का?

सगळेच तसे नसतात. तमाशा आणि वारी या दोन्हींवर संदेश भंडारे यांनी फोटोंची पुस्तकं केली आहेत. ती चाळताना मला माणूस आधी दिसतो, रंग नंतर. पण ते मोठे कलावंत. आमचे तात्या कलावंत नव्हते. परंपरा वगैरे शब्द त्यांनी आयुष्यात वापरला नसेल. काठी, दीपमाळ, पालखी हा त्यांच्या लेखी पडदा होता, राजहंसाच्या बगीच्यासारखा, फक्त भाडं न देता मिळालेला. त्याच्यापुढे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचे दोन्ही डोळे उघडे, दोन्ही कान दिसलेले, आणि प्रत आठ दिवसांत घरपोच. उरलेले पैसे हातात पडल्याशिवाय मात्र पाकीट सुटायचं नाही.

आणि डोंगरावर गिऱ्हाईक जमवायला तात्यांची एक आरोळी होती. लहानपणी मला ती नुसती गंमत वाटायची.

"काढून ठेवा फोटू! पुढं लागतोय!"

पुढे म्हणजे कधी, ते सगळ्यांना कळायचं. बाया हसायच्या, तात्यांना शिव्या द्यायच्या, आणि ओळीत येऊन उभ्या राहायच्या. कारण गावात निम्म्या लोकांचा, त्यातही बायकांचा, जत्रेतल्या त्या घोळक्याखेरीज दुसरा फोटोच नसायचा. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आत कुणी तरी तो जत्रेचा फोटो घेऊन तात्यांच्या दुकानात यायचं आणि घोळक्यातल्या एका डोक्यावर बोट ठेवायचं. हे. मग तात्या निगेटिव्ह शोधायचे, तेवढाच चेहरा मोठा करायचे, आजूबाजूचे लोक ब्रशनं पुसायचे. गावातल्या भिंती बघा. सगळे गेलेले लोक आपले मागे राखाडी धुकं घेऊन बसलेत. त्यातला प्रत्येक जण जत्रेत आहे. कुणाच्या कानामागे अर्धा झेंडा राहिलाय, कुणाच्या पदरावर शेजारणीच्या नथीचा मोती.

आमच्या आजीच्या डोक्यामागे सासनकाठी राहिली. जत्रा १९७१ सालची. आजी गेली १९७६ साली, मी आठ वर्षांची होते.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. बोटांचं विचारलं. आत्या म्हणाली, तुझ्या आईची असतील, ती मागच्या ओळीत उभी होती. आईला विचारलं तर आई म्हणाली, मी कशाला सासूच्या खांद्यावर हात टाकतेय, त्या काळात? तुझ्या आत्याची असणार. पुन्हा आत्या. "न्हाई गं, मी पलीकडं बसल्याली. गंगूची असतील."

"गंगू कोण?"

"असंल कोणतरी. जत्रंत भेटली असंल. तुझ्या आजीला काय, वाटंवरची बाई पण मैतरीण."

तात्यांच्या मुलाला विचारावं म्हटलं. ४१७ नंबर सांगून सबंध फोटो मागावा. आता तिथे झेरॉक्स आणि मोबाइलचं दुकान आहे. तो बिचारा चांगलं बोलला. तात्या गेल्यावर निगेटिव्हची सगळी खोकी भंगारवाल्यानं नेली, म्हणाला. काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते ना, ती काढतात. किलोवर गेली.

सबंध जत्रा किलोवर. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. मग आत्याचाच उलटा फोन आला, तिला मधेच आठवलं होतं.

"ती बोटं तुझ्या बाबांनी पुसायला सांगितलंती तात्यांस्नी. तात्या म्हणालं, पुसतो, पण हात पुसला तर खांदा पण जातोय. मग बाबा म्हणालं, ऱ्हाऊ दे."

फ्रेमवाल्याला फोन करून नुसती काच बसवायला सांगितली. ढग नकोत म्हटलं. "बघा हं, सिझन चालू आहे, ढग सगळे टाकून घेतात," तो म्हणाला. उद्या आणायला जायचं आहे. पावती कुठे ठेवली ती सापडत नाहीये, आणि पावतीशिवाय देणार नाही असं दुकानात मोठ्या अक्षरात लिहिलंय.