नळ अर्ध्या इंचाचा, पण एल्बो भिंतीत खोल

टाइल्स बसल्या की भिंत जाड होते आणि पितळी आट्यांचा एल्बो (नळ ज्यात बसतो तो पाइपचा काटकोनी जोड) आत राहतो. नळाचे जेमतेम 12-15 मिमी आटे तिथवर पोचत नाहीत. दोन फेऱ्यांवर अडकवलेला नळ गळणारच. पेन्सिल आत घालून खोली मोजा आणि तेवढं पितळी एक्स्टेन्शन निपल (एल्बो आणि नळ यांच्यामध्ये बसणारा आट्यांचा तुकडा) आणा. लाइन पाऊण इंची असेल तर सोबत पाऊण-अर्धा रेड्युसर बुश, म्हणजे पाऊण इंची आट्यांत अर्ध्या इंचाचे आटे बसवणारा जोड.

मेन व्हॉल्व्ह बंद करा. एल्बोच्या आट्यांत राहिलेली जुनी टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची पातळ पांढरी पट्टी) टोकदार वस्तूनं पूर्ण काढा. याचा कंटाळा केला तर सगळं फुकट. नवी टेप पहिला आटा सोडून, आटे समोर धरून घड्याळाच्या दिशेनं आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर आत जाताना गोळा होते.

आधी हातानं घट्ट, मग पान्यानं एखादी फेरी. नळ सरळ करायला उलटा फिरवू नका, टेपचं सील सुटतं. काढून दोन वेढे वाढवा. एल्बोचे आटे प्लास्टिकचे असतील तर जोर आवराच, तडा भिंतीच्या आत जातो.

फ्लँज (भिंतीतलं भोक झाकणारी गोल चकती) शेवटी. आधी पाणी सोडून, सांध्याभोवती कोरडा टिश्यू अर्धा तास ठेवा; ओला झाला तर गळती आहे.